सांडपाण्याचा गाळ शेतात टाकला तर जड धातू भाजीतून शरीरात जातात का?

काही महिन्यांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक ताई माझ्याकडे आल्या. शहराला लागून दोन एकर रान, त्यात मेथी, पालक, कोथिंबीर. रोज पहाटे माल बाजारात जातो. तक्रार होती थकवा, पाय ओढल्यासारखे वाटणे आणि जिना चढताना धाप. सोबत मुलगा होता. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ शेतात टाकला की भाजीत विषारी धातू उतरतात, किडन्या निकामी होतात, असे त्यात सांगितले होते. त्यांच्या रानात तीन वर्षे असा गाळ ट्रॉलीने पडत होता.

ताई म्हणाल्या, "डॉक्टर, हे तर सोनखतच की. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर वापरलं. आणि खराब असेल तर सांगा ना, आम्ही हीच भाजी खातो, गावही हीच खातं."

त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांची मेथी माझ्याही घरी येत असण्याची शक्यता होती. म्हणून त्यांना दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे. शेतकऱ्यांप्रमाणेच गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना आणि बाजारातून पालेभाजी आणणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडावे.

सोनखत आणि आजचा गाळ यात फरक काय?

जुन्या सोनखतात माणसाचा मैला, राख, माती आणि पालापाचोळा असे. त्यात रोगजंतूंचा धोका मोठा होता, पण धातूंचा फारसा नव्हता. आजच्या शहराच्या गटारात मैल्यासोबत बरेच काही वाहून येते. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या छोट्या वर्कशॉपचे धुण्याचे पाणी, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांचे पाणी, सोन्याचांदीच्या कामातले ॲसिड, चामड्याच्या कारखान्याचे क्रोमियम, दातांच्या दवाखान्यातला पारामिश्रित चांदीचा चुरा, रस्त्यावरून पावसाने धुऊन आलेली टायरची आणि रंगाची धूळ. घराघरांतूनही थोडे जस्त आणि तांबे येतेच. ते नळाच्या पाइपांतून येते, मलमांतून येते आणि शाम्पूतूनही येते.

प्रक्रिया केंद्रात हे पाणी आधी संथ टाकीत थांबते आणि जड कण तळाशी बसतात. पुढच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते पाण्यातली घाण खातात आणि स्वतःच गोळा होऊन तळाशी बसतात. या दोन्ही ठिकाणी जमा झालेला चिखल म्हणजे मैलागाळ. सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन संपवू शकतात. शिसे किंवा कॅडमियम हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, संपत नाही. ते कणांना आणि जिवाणूंच्या पेशींना चिकटते आणि गाळासोबत खाली बसते. म्हणजे पाणी जितके चांगले स्वच्छ होईल, तितका धातू गाळात जास्त साठतो. लाखो लिटर पाण्यात पसरलेला धातू थोड्याशा गाळात एकवटतो.

दुसरीकडे, या गाळात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असतो. पीक जोमदार येते. शेतकऱ्याला तो स्वस्तात किंवा फुकट मिळतो आणि केंद्राला जागा मोकळी करायची असते. त्यामुळे तो शेतात जातो. यात शेतकऱ्याची चूक नाही. गाळात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

सगळे धातू भाजीत सारखेच उतरतात का?

नाही. हा मुद्दा नीट समजला तर अर्धी भीती कमी होते आणि उरलेली योग्य जागी लागते.

*जस्त, तांबे, निकेल:* हे जमिनीत फार वाढले तर आधी पीकच पिवळे पडते, खुरटते. माणसाला त्रास होईल इतका धातू पानात साठण्याआधीच झाड हार मानते.

*शिसे:* मातीला घट्ट धरून बसते. मुळांतून पानापर्यंत फार कमी चढते. धोका असतो तो पानावर उडालेल्या मातीचा, मुळ्या-गाजरांच्या सालीला चिकटलेल्या मातीचा आणि लहान मुलांच्या हातातोंडातल्या मातीचा.

*क्रोमियम:* गाळात ते बहुधा कमी विरघळणाऱ्या रूपात असते आणि झाडात फारसे जात नाही.

*पारा:* मातीतून भाजीत कमी जातो. माणसाच्या शरीरात पारा जाण्याचा जास्त महत्त्वाचा मार्ग दूषित पाण्यातले मासे हा आहे.

*कॅडमियम:* हा खरा चिंतेचा धातू. झाड त्याला जस्तासारखेच समजून आत घेते आणि पानांपर्यंत पोहोचवते. पीक हिरवेगार दिसते, चव बदलत नाही, वास येत नाही, पण माणसाला नको इतका कॅडमियम त्यात असू शकतो. पालकासारख्या पालेभाज्या तो जास्त साठवतात. टोमॅटो, वांगी, भोपळा अशा फळभाज्यांच्या फळात तो तुलनेने कमी जातो. तंबाखूचे झाडही कॅडमियम भरपूर शोषते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मातीचाही यात मोठा वाटा आहे. जमीन आम्लधर्मी असेल तर कॅडमियम मोकळा होऊन मुळांना मिळतो. आपली काळी जमीन साधारणपणे चुनखडीयुक्त, अल्कधर्मी आणि चिकणमातीची असते, ती धातूला बऱ्यापैकी धरून ठेवते. कोकणातली तांबडी जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते. म्हणून एकच गाळ सोलापूरच्या काळ्या रानात आणि रत्नागिरीच्या परसात सारखा वागणार नाही.

किती गाळ म्हणजे किती धोका? साधा हिशोब

शहरी कंपोस्ट खतासाठी आपल्याकडे फर्टिलायझर कंट्रोल ऑर्डर, १९८५ मध्ये धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. दर किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम आणि निकेल प्रत्येकी ५० मिलिग्रॅम, पारा ०.१५ मिलिग्रॅम. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये आणखी स्पष्ट म्हटले होते की धातूंची मर्यादा ओलांडणारे कंपोस्ट खाद्यपिकांना वापरू नये. खाद्य नसलेल्या पिकांना वापरता येईल, असेही त्यात होते. तुलनेसाठी सांगतो, युरोपीय समुदायाच्या १९८६ च्या निर्देशात शेतीसाठीच्या गाळात कॅडमियमची मर्यादा किलोला २० ते ४० मिलिग्रॅम होती, आणि अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात चांगल्या प्रतीच्या गाळासाठी ३९. स्वित्झर्लंडने मात्र पुढे शेतीत गाळ टाकणेच बंद केले.

आता हिशोब करू. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती साधारण ८ लाख किलो भरते. त्यात ४ टन कोरडे खत टाकले आणि त्यात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर एकूण २० ग्रॅम कॅडमियम पडला. मातीत वाढ झाली किलोला ०.०२५ मिलिग्रॅम. ही वाढ अगदी लहान आहे. म्हणजे एकदा गाळ टाकला म्हणून रान नासले असे होत नाही.

पण समजा गाळ कारखान्यांच्या पाण्याचा आहे आणि त्यात किलोला ४० मिलिग्रॅम कॅडमियम आहे. मग एका वर्षात वाढ ०.२ मिलिग्रॅम, पाच वर्षांत १ मिलिग्रॅम. प्रदूषण नसलेल्या बहुतेक जमिनींत कॅडमियम किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतो. आणि एकदा मातीत गेलेला कॅडमियम पावसाने धुऊन जात नाही, तो पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतो. म्हणून विचारायचे प्रश्न तीन: गाळ कुठल्या पाण्याचा आहे, किती टाकला आणि किती वर्षे टाकला.

गच्चीवरच्या कुंड्यांचे काय?

अनेक गृहसंकुलांत स्वतःचे छोटे प्रक्रिया केंद्र असते आणि तिथला वाळलेला गाळ "खत" म्हणून सभासदांना वाटतात. फक्त घरांचे सांडपाणी असेल तर त्यात कॅडमियम आणि शिसे सहसा कमी असते. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. शेतात खत दोनशे पट मातीत मिसळते. कुंडीत आपण निम्मा गाळ आणि निम्मी माती घालतो. किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियमचे तेच खत कुंडीतल्या मातीत अडीच मिलिग्रॅमची भर घालते, म्हणजे वरच्या हिशोबातल्या शेताच्या शंभर पट. शेतातल्या मोठ्या मातीत जी चूक विरून जाते, ती कुंडीत विरत नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. तपासणीचा अहवाल हातात नसेल तर असा गाळ मोगरा, जास्वंद, क्रोटन यांना घाला. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि मुळा यांना घालू नका. त्यांच्यासाठी घरच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट किंवा शेणखत उत्तम.

शरीरात गेल्यावर हे धातू काय करतात?

*कॅडमियम* खाल्ल्यावर निरोगी माणसाच्या आतड्यातून त्यातला फक्त सुमारे ३ ते ५ टक्के भाग रक्तात जातो. पण जो जातो तो बाहेर पडायला तयार नसतो. मूत्रपिंडात तो साठतो आणि निम्मा व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. वर्षानुवर्षे साठत गेला की मूत्रपिंडातल्या बारीक नलिका खराब होतात. त्यांचे काम लघवीतून उपयोगी द्रव्ये परत घेण्याचे. त्या बिघडल्या की लहान आकाराची प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे वाया जातात. सुरुवातीला क्रिएटिनिनची तपासणी नॉर्मलच येते. पुढे हाडे कमकुवत होतात.

याचे सर्वात दुःखद उदाहरण जपानमधल्या तोयामा भागातले आहे. खाणीतून जिंझू नदीत कॅडमियम जात होता, नदीचे पाणी भातखाचरांत जात होते आणि तोच भात लोक आयुष्यभर खात होते. हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडत. रोग्यांच्या "दुखतंय, दुखतंय" या कण्हण्यावरूनच आजाराला इताई-इताई हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला. त्यात बहुसंख्य रुग्ण पाळी गेलेल्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. तिथे कारण खाणीचे पाणी होते, सांडपाण्याचा गाळ नव्हता, आणि प्रमाणही खूप मोठे होते. दोन वर्षे गाळ टाकला म्हणून तसा आजार होईल असे समजू नका. पण धातू जमिनीत, जमिनीतून ताटात आणि ताटातून हाडापर्यंत कसा पोहोचतो, हे त्या गावांनी जगाला दाखवले.

*शिसे* मोठ्यांच्या आतड्यातून साधारण १० टक्के शोषले जाते, तर लहान मुलांत ४० ते ५० टक्क्यांपर्यंत. रक्तातून ते हाडात जाऊन बसते. मुलांमध्ये थोड्या शिशानेही बुद्धी, लक्ष आणि वागणूक यांवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. गरोदरपणात आईच्या हाडातले जुने शिसे सुटून बाळापर्यंत पोहोचू शकते. मोठ्यांत पोटात पिळवटून दुखणे, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, रक्तदाब वाढणे आणि हाताच्या मनगटात अशक्तपणा ही लक्षणे जास्त मात्रेत दिसतात.

रक्त कमी असेल तर धोका वाढतो

हा परिच्छेद विशेषतः घरातल्या स्त्रियांसाठी. शरीरात लोह कमी असले की आतडे लोह मिळवण्यासाठी आपली दारे जास्त उघडते. त्याच दारातून कॅडमियम आत शिरतो, आणि शिसेही. लोह कमी असलेल्या व्यक्तीत कॅडमियमचे शोषण दुपटीने किंवा त्याहूनही वाढू शकते. म्हणजे एकाच ताटातली एकच भाजी खाणाऱ्या नवरा-बायकोत, रक्त कमी असलेल्या बायकोच्या शरीरात जास्त कॅडमियम जातो. आपल्याकडे किती बायकांचे हिमोग्लोबिन कमी असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट तंबाखूची. तंबाखूच्या पानात कॅडमियम साठतो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या शरीरात न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट कॅडमियम आढळतो, कारण धुरातला कॅडमियम फुप्फुसातून सहज रक्तात जातो. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती लावणाऱ्या ताई "मी कुठे तंबाखू खाते?" म्हणतात, पण ती रोज हिरड्यांना लागते आणि थोडी पोटातही जाते.

धातूंपेक्षा लवकर भेटणारा धोका: जंत आणि जंतू

धातूंच्या चर्चेत हे मागे पडते, म्हणून मुद्दाम सांगतो. नीट न कुजलेल्या, ओल्या गाळात जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. गोल जंताची अंडी अत्यंत चिवट, मातीत महिनोन् महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त पिते. त्यातून रक्त कमी होते आणि रक्त कमी झाले की कॅडमियमचे शोषण वाढते. धोक्यांची साखळी अशी एकमेकांत अडकलेली आहे.

म्हणून गाळ हाताळताना गमबूट आणि हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात-पाय धुवा, ते कपडे वेगळे धुवा आणि मुलांना ढिगाऱ्यावर खेळू देऊ नका. ताजा गाळ कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला कधीही घालू नका.

कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या नकोत?

थकवा, केस गळणे, अंग खाजणे, झोप न येणे यावरून "शरीरात धातू साठले" असा निष्कर्ष निघत नाही. या तक्रारींची नेहमीची कारणे म्हणजे रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह, जीवनसत्त्व बी १२ किंवा डी यांची कमतरता आणि ताण. ती आधी तपासा.

धातूंचा संशय रास्त असेल, म्हणजे बॅटरी, रंग, वेल्डिंग किंवा प्लेटिंगचे काम असेल, अनेक वर्षे औद्योगिक गाळाच्या रानातलीच भाजी घरात खाल्ली जात असेल, किंवा घरात माती खाणारे लहान मूल असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील तपासण्या होतात:

- रक्तातील शिसे, शिरेतून घेतलेल्या रक्तावर. अमेरिकेच्या सीडीसी संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठरवली. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आल्यास शिसे कुठून येते ते शोधायला सांगते.
- लघवीतील कॅडमियम, क्रिएटिनिनच्या तुलनेत. हा आयुष्यभर साठलेल्या कॅडमियमचा अंदाज देतो. सोबत लघवीतील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन पाहिल्यास नलिकांना इजा झाली आहे का ते कळते.
- हिमोग्लोबिन, फेरिटिन, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी.

केसांवरून धातू मोजणाऱ्या तपासण्यांवर उपचार ठरवू नका. केसाला बाहेरून लागलेली धूळ आणि रंगही त्यात मोजला जातो. तसेच आधी एखादे औषध देऊन मग लघवीतले धातू मोजण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. त्या औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, मग अहवाल लाल अक्षरांत येतो आणि घाबरलेला माणूस महागडे उपचार घेतो.

"डिटॉक्स" सलाईन घ्यावे का?

नाही. शरीरातून धातू काढणारी औषधे आहेत, पण ती ठरावीक विषबाधेसाठी आणि रुग्णालयात देण्यासाठी आहेत. मुलाच्या रक्तात शिसे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा त्यांचा विचार होतो. दीर्घकाळ साठलेल्या कॅडमियमसाठी असे कोणतेही खात्रीचे औषध नाही; उलट मूत्रपिंडाला आणखी इजा होऊ शकते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारांत रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद आहे. शिसे काढायला गेलेल्या माणसाचा जीव जावा, इतके हे औषध साधे नाही.

शिशाचा शोध घेताना फक्त गाळावर बोट ठेवू नका, हेही सांगतो. जुन्या घराचा उडालेला रंग, घराशेजारी बॅटऱ्या वितळवणे, भेसळीची हळद, भेसळीचा शेंदूर, आणि प्रमाणित नसलेली धातुयुक्त भस्मे किंवा रसऔषधे ही कारणे आम्हाला जास्त वेळा विचारावी लागतात. घरात चालू असलेली सगळी औषधे, पुड्यासकट, डॉक्टरांना दाखवा.

बाजारातून भाजी आणणाऱ्यांनी काय करावे?

पालेभाजी बंद करू नका. लोह, फोलेट आणि तंतूंसाठी ती हवीच. पुढील गोष्टी पाळा.

- भाजी भरपूर वाहत्या पाण्यात, पान वेगळे करून धुवा. मातीसोबतचे शिसे आणि जंतांची अंडी त्यामुळे बरीच कमी होतात. पानाच्या आतला कॅडमियम मात्र धुऊन, मिठाच्या पाण्याने किंवा शिजवून जात नाही.
- मुळा, गाजर, बीट, बटाटा यांची साल काढा.
- भाज्या आणि विक्रेते आलटून पालटून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने कॅडमियमची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला महिन्याला २५ मायक्रोग्रॅम अशी दिली आहे. ५० किलोच्या व्यक्तीला ती दिवसाला साधारण ४० मायक्रोग्रॅम होते. पालेभाजीसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानक किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेला टेकलेली २०० ग्रॅम भाजी रोज खाल्ली तर भाजीतूनच ४० मायक्रोग्रॅम पूर्ण होतात. रोज एकाच रानातली एकच भाजी नको, ती यासाठीच.
- जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे ठेवा: नाचणी, डाळी, तीळ, दूध-दही, सोबत लिंबू किंवा आवळा. जेवणाला लागून चहा टाळा.
- तंबाखू, विडी, सिगारेट, मिश्री बंद.

शेतकऱ्यांनी काय करावे?

गाळ घेण्याआधी तीन गोष्टी मागा: तो कोणत्या केंद्रातला, त्या गटारात कारखान्यांचे पाणी येते का, आणि धातूंचा तपासणी अहवाल. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये कळतात. कॅडमियम आणि शिसे बहुधा त्यात नसते. ते वेगळे मागावे लागते, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. कृषी विज्ञान केंद्राकडे विचारले तर दिशा मिळते. चार-सहा जणांनी मिळून एक नमुना तपासला तर खर्च वाटला जातो.

गाळ आधीच टाकला असेल तर घाबरून रान पडीक ठेवू नका. नवा गाळ थांबवा. आम्लधर्मी जमीन असेल तर कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने चुना द्या. शेणखत वाढवा. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात पालेभाजीऐवजी फुले किंवा कापूस घ्या.

मुळातला उपाय मात्र शेतात नाही, गटाराच्या तोंडाशी आहे. गाळात एकदा मिसळलेला धातू परवडेल अशा खर्चात वेगळा काढता येत नाही. कारखान्याने आपले पाणी आपल्याच आवारात शुद्ध करून मग गटारात सोडावे, ही सक्ती जिथे नीट पाळली गेली तिथल्या शहरांच्या गाळातले धातू गेल्या काही दशकांत खूप कमी झाले. आपल्या प्रभागातल्या गटारात रंगीत पाणी दिसले तर तक्रार करणे हेसुद्धा आरोग्याचेच काम आहे.

त्या ताईंचे पुढे काय झाले?

हिमोग्लोबिन ८.४ निघाले. क्रिएटिनिन आणि लघवी ठीक, रक्तातले शिसे कमी. शौच तपासणीत अंकुशकृमी सापडले. थकव्याचे कारण ते होते. जंताचे औषध, तीन महिने लोहाच्या गोळ्या आणि रानात गमबूट एवढ्यावर त्या सुधारल्या. मिश्री अजून पूर्ण सुटलेली नाही, दर भेटीला मी विचारतो.

मुलाने गाळाचा नमुना तपासला. कॅडमियम खतासाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त आला. त्यांनी गाळ घेणे थांबवले आणि त्या तुकड्यात झेंडू लावला. मेथी आता विहिरीकडच्या रानात आहे, जिथे कधी गाळ पडला नव्हता. दसऱ्याच्या आधी त्या एक पिशवी फुले देऊन गेल्या. त्यांना आणि तुम्हालाही माझे सांगणे एकच आहे: सोनखत म्हणून ट्रॉली रानात उतरवून घेण्याआधी तिचा अहवाल मागा. तो मागताना लाजू नका, ती भाजी सगळ्या गावाच्या ताटात जाणार आहे.

*हा लेख माहितीसाठी आहे. तक्रार असल्यास स्वतःहून औषध किंवा सलाईन न घेता तुमच्या डॉक्टरांना भेटा. गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी.*